ओव्हनमधला भात

मकचिकना आपल्याच हातच्या पदार्थाचं नाव घ्यायची लाज वाटे. मकचिक म्हणजे मलय भाषेत मावशी. अमेरिकेत, फ्रीमाँटला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. ईदच्या आदल्या दिवशी नारळाच्या दुधात शिजणाऱ्या चिकट तांदळाचा वास आमच्या हॉलपर्यंत येई, आणि मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या दारात उभी राही.

त्या भाताचं नाव लेमांग. तो खरा बांबूच्या नळीत, आत केळीचं पान लावून, अंगणातल्या विस्तवावर भाजायचा. इथे अंगणात विस्तव पेटवला तर शेजारी फायर ब्रिगेड बोलावतील. म्हणून मकचिक पत्र्याच्या डब्यांना पान लावून ते ओव्हनमध्ये ठेवत. मग समोर स्टूल टाकून बसत आणि थोड्या थोड्या वेळाने डबे फिरवत, नळ्या फिरवतात तसे.

"मकचिक, ओव्हन सगळीकडून तापतो हो," मी म्हणे.

"ते ओव्हनला माहीत आहे, माझ्या हातांना नाही," म्हणत त्या मलाही हातमोजा देत.

पाहुण्यांनी विचारलं तर सांगत, "काही नाही, ओव्हनमधला भात." खरं नाव त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मुलगी सोफिया खोलीत नाही ना हे बघून. "तिच्याजवळ बोलू नकोस. ना बांबू, ना धूर. याला लेमांग म्हटलं तर उद्या वर जाऊन आईला काय तोंड दाखवू?"

मला हसूच आलं. आमच्याकडे होळीची पुरणपोळी दुकानातून येते, फ्रीझरमधून निघते, आणि मी ती वर तूप सोडून "घरचीच आहे" म्हणून वाढते. लाज कशाशी खातात हे आम्हाला ठाऊक नाही. पण त्यांचा शब्द मी पाळला.

गेल्या हिवाळ्यात मकचिक गेल्या. यंदाच्या ईदला सोफियाने एकटीने डबे भरले, स्टूलवर बसून फिरवले. मलेशियाहून तिची थोरली मावशी आली होती. तिने एक घास घेतला आणि चावायची थांबली.

"लेमांग," ती म्हणाली. "आमच्या आईचा."

सोफिया माझ्याकडे वळली. "आंटी, ओव्हन राइसला नाव आहे? तुम्हाला माहीत होतं?"

मकचिकची लाज जपली म्हणून मी स्वतःला शहाणी समजत होते. त्या असताना एकदा तरी म्हणायला हवं होतं, "अहो, लेमांगच आहे हा."

"हो" म्हणताना मला मान वर करता आली नाही.