बंद टॉर्च तापत होता

"मॅडम, ही बॅटरी बंद हाय, तरी तापतीय," असं म्हणत मीराबाईंनी पिशवीतून टॉर्च काढून माझ्या काउंटरवर ठेवला.

खेड्यात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आतल्या बॅटरीला सेल. शहरातल्या द्वारका चौकाजवळ माझं टॉर्च विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे ती भाषा रोजचीच. पण बंद टॉर्च तापणं रोजचं नव्हतं. मी बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

मीराबाई सायखेड्याच्या. त्यांच्या उसात बिबट्या फिरतो, म्हणून लांब झोत टाकणारे दोन टॉर्च त्यांनी माझ्याकडून नेले होते.

"आत सेल कोणते आहेत?"

"एक तुमचाच जुना. दुसरा बाजारातला नवा. लय मोठा आकडा छापलाय त्याच्यावर."

"चार्ज कधी केला?"

"सकाळी. निघताना चार्जिंगवरून काढली."

या टॉर्चमध्ये दोन लिथियम सेल एकामागे एक बसतात. दोन्ही सारखे हवेत. एक जुना, एक नवा असला की एक लवकर भरतो, चार्जर मात्र दुसऱ्यासाठी करंट ढकलतच राहतो. भरलेल्या सेलवर जास्तीचा चार्ज चढतो, तो आतून बिघडतो आणि चार्जर काढला तरी तापत राहतो. आत गॅस होतो. बाहेर धातूची बंद नळी. फुटली तर तुकडे उडणार.

"मग झाकण काढते," म्हणत त्यांनी हात पुढे केला.

"हात लावू नका. मागे व्हा."

दुकानासमोर रिक्षांची गर्दी होती. मागे मोकळी जागा होती, तिथे वाळूची बादली. मी चामड्याचे हातमोजे चढवले, टॉर्च शरीरापासून लांब धरला आणि निघाले. हातमोज्यातूनही ऊब वाढताना कळत होती. आत्ताच फुटला तर, एवढंच डोक्यात होतं. टॉर्च बादलीत खुपसला, वर वाळू लोटली आणि पळत दुकानात आले.

तेव्हा मला आठवलं. "दुसरा टॉर्च कुठाय?"

"घरी. चार्जिंगला लावलाय."

"त्यातही असेच सेल?"

"व्हय. एक जुना, एक नवा." त्यांचा चेहरा उतरला. "सासूबाईंच्या खाटेशी हाय तो. त्या झोपल्या असतील."

त्यांनी नवऱ्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. तेवढ्यात मागे फट्‌ असा आवाज झाला, बादली उलटली आणि पांढरा धूर उसळला. मीराबाई दचकून मागे सरकल्या. फोन कानाला तसाच.

तिसऱ्यांदा नवऱ्याने उचलला. फोन मी घेतला.

"आधी आईंना बाहेर काढा. मग मेन स्विच बंद करा. टॉर्चला हात लावू नका."

"काय झालं, मॅडम?"

"आधी करा."

पलीकडे पावलं, मग म्हातारीची कुरकुर ऐकू आली. मीराबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"केलं," शेवटी आवाज आला. "आई अंगणात हाय. मेन बंद केला."

त्या खोलीत दुसऱ्या दिवसापर्यंत कोणालाही जाऊ दिलं नाही. तो टॉर्च थंड झाला, फुटला नाही. नंतर मी स्वतः जाऊन सेल काढले. नवा सेल तळहातावर नको तितका हलका लागला. छापलेल्या आकड्याएवढी क्षमता त्या आकारात मावणारीच नव्हती.

मीराबाईंना मी एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले, संरक्षक सर्किट असलेले सेल दिले. टॉर्च ओढतो तेवढा करंट ते देऊ शकतात ना, हेही पाहिलं. सेल बाहेर काढून प्रत्येक स्वतंत्र भरणारा चार्जर दिला आणि तो झोपायच्या खोलीत लावायचा नाही, असं बजावलं.

"उजेड कमी तर नाय ना पडणार?" त्यांनी विचारलं.

नाही पडला. आता मी गिऱ्हाइकाला झोत नंतर दाखवते, आधी सेल दाखवते. काही जण कंटाळून दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देते.