दुलीचंदभाऊंचा साधा फ्लेक्स

“पेंटर, मी कवा मेलो?”

दुपारी दुकानात डबा उघडला होता तेवढ्यात हा फोन आला. आवाज दुलीचंदभाऊ टेंभऱ्यांचा. ठणठणीत होता.

“का झालं भाऊ?”

“मले कायले इचारतेस? फ्लेक्स तूच बनवला ना? आमच्या वैशालीच्या लग्नाची बोलनी पक्की कराले बालाघाटचे पाव्हने आले, अन् फाट्यावरूनच वापस गेले. इथं पानं वाढून ठेवलेत!”

मी डबा बंद केला.

देवरीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. पूर्वी भिंती आणि पाट्या रंगवायचो, म्हणून लोक अजून पेंटरच म्हणतात. आमच्या कामाबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. त्यांना वाटतं, आम्ही माणसाचा फोटो छापतो. तसं नाही. फोटोतून आम्ही फक्त मुंडकं कापून घेतो. याला ‘कटिंग’ म्हणतात. ते मुंडकं तयार ‘बॉडी’वर बसवायचं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये बॉड्यांचा साठा आहे. हात जोडलेली, शाल पांघरलेली, कानाला मोबाईल लावलेली. आमच्या भागातले बरेच पुढारी एकाच माणसाच्या खांद्यांवर उभे आहेत. तो माणूस कोण आणि कुठला, मला माहीत नाही.

दुलीचंदभाऊ एके काळी गावचे सरपंच होते. दर वाढदिवसाला फाट्यावर त्यांचा फ्लेक्स लागे. मोबाईलवाली बॉडी, डोळ्यांवर गॉगल, मागे वाघ, वर ‘झुंजार नेतृत्व’ आणि खाली शुभेच्छुकांची मुंडकी ओळीनं. शुभेच्छुक कोण, हे भाऊ स्वतःच ठरवत आणि नंतर त्या लोकांना कळवत.

यंदा मात्र भाऊ नागपूरला आनंदी जीवनाच्या एका शिबिराला जाऊन आले. मुखवटे काढा, आहात तसे दिसा, लोक काय म्हणतील ते सोडा, असं तिथं शिकवलं. शिकवणारे गृहस्थ झगझगीत सूट घालून, गालाजवळ माईक लावून, अंगावर प्रकाशझोत घेऊन हे सांगत होते. हे भाऊंनीच मला कौतुकानं सांगितलं.

“यंदा दिखावा नाई पायजे,” भाऊ माझ्या शेजारी खुर्ची ओढून म्हणाले. “वाघ काढ.”

काढला.

“गॉगल काढ. अन् ते झुंजार काढ. मी कोनासंग झुंजलो?”

याचं उत्तर मला बरीच वर्षं माहीत होतं. काढलं.

“शुभेच्छुकबी काढ. देनं असतं तर तोंडानं दिल्या असत्या शुभेच्छा.”

मग त्यांनी मोबाईलमधला फोटो दाखवला. त्यांच्या मुलीनं, वैशालीनं, अंगणात काढलेला. साधा सदरा, नजर जराशी वर, हसू नाही. खोटं हसू आणायचं नाही, हाही शिबिरातलाच धडा. मागे त्यांना आकाश हवं होतं, कारण मन आकाशासारखं असावं. खाली नाव आणि दोन वाक्यं: ‘मी समाधानी आहे. मला आता काही नको.’ त्याखाली जन्मतारीख.

मी स्क्रीनकडे पाहिलं. मग भाऊंकडे पाहिलं.

“भाऊ, हा असा नका लावू.”

“काऊन?”

“लोकाईले वाटंल तुमी गेले.”

“कुठं?”

मी बोटानं छत दाखवलं.

“लोकाईले का वाटते, ते पाहनंच सोडलं मी. तेच तं शिकून आलो.”

“एखादा केक टाकू?”

“नाई.”

“निदान एक फुगा?”

एरवी भाऊ चिडले असते. पण आता समाधानी होते. “नाई,” एवढंच म्हणाले.

आमच्याकडे माणूस जिवंत असला की फ्लेक्सवर गर्दी असते. विशेषणं असतात, मुंडकी असतात, जनावर असतं. एकटा माणूस, मागे ढग आणि चेहऱ्यावर शांती, हे डिझाइन एकाच प्रसंगाचं. श्रद्धांजलीवर तारखा दोन असतात, इथं एकच होती. दुसरी लोकांनी आपापल्या मनानं घातली.

पाहुणेही लोकच होते. फाट्यावर त्यांची गाडी थांबली. मुलाच्या वडिलांनी खाली उतरून फ्लेक्सला हात जोडले. घरात सुतक असताना लग्नाची गोष्ट कशी काढायची, म्हणून भली माणसं कोणालाही न विचारता आमगावला नातेवाइकांकडे परत गेली.

तासाभरात भाऊ आणि वैशाली माझ्या दुकानात हजर. वैशाली आरोग्य केंद्रात नर्स आहे. नवी साडी नेसलेली होती आणि डोळे लाल होते.

“काका, तीन स्थळं पाहिली जी मी,” ती म्हणाली. “हा पहिला पोरगा, ज्यानं माह्या नोकरीविषयी इचारलं, पगाराविषयी नाई. मले हाच पायजे.”

“फोन करा ना मग.”

भाऊंनी मुलाच्या वडिलांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. “हॅलो, मी दुलीचंद बोलून राहिलो.”

पलीकडून बारीक आवाजात “हे राम” ऐकू आलं आणि फोन कटला. दुसऱ्यांदा लावला तर बंद.

वैशालीनं मुलाला मेसेज केला, ‘बाबा जिवंत आहेत.’ लगेच उत्तर आलं, ‘हो वैशाली. ते कायम आपल्यातच राहतील. उद्या सकाळी आम्ही बसायला येतो.’

“व्हिडिओ कॉल करून बाबांना दाखव,” मी म्हणालो.

तिनं वडिलांकडे पाहिलं. धक्क्यानं भाऊ पांढरे पडले होते, नजर पंख्यावर स्थिर होती.

“नको,” ती म्हणाली. “असे दिसले तर पक्कंच होईल.”

मग भाऊंनी शिबिरवाल्या गृहस्थांना फोन लावला. ते म्हणाले, “वा! जिवंतपणी मृत्यूचा अनुभव! फार थोड्यांच्या वाट्याला येतो. यावर आमचं एक पुढचं शिबिर आहे.” या वेळी फोन भाऊंनी कापला.

शेवटी नवा फ्लेक्स लावायचं ठरलं. भाऊ अडून बसले. “मंग मी शिकलो त्याचं का?”

“बाबा, घरी राहा ना खरे,” वैशाली म्हणाली. “फाट्यावर उभं राहून कोनाले सांगता?”

भाऊंनी खुर्ची कॉम्प्युटरकडे ओढली. मग म्हणाले, “गॉगल टाक.”

“वाघ?”

“टाक,” ते म्हणाले. माणूस कमावलेली मनःशांती परत करतो, तो आवाज.

मोबाईलवाली बॉडी मीच सुचवली. मेलेला माणूस फोनवर बोलत नाही, असा माझा हिशेब. तो नुकताच फसला होता, हे उशिरा लक्षात आलं. संध्याकाळी जुना फ्लेक्स उतरवून नवा चढवला. वाघ कधी नव्हता एवढा मोठा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीनं मला साक्षीदार म्हणून घरी बोलावलं. कोणाचीच तयारी झालेली नव्हती. भाऊ बनियनवर म्हशीला कोंडा कालवत होते. तेवढ्यात गाडी आली. मुलाचे वडील पांढरा रुमाल खांद्यावर टाकून, मान खाली घालून अंगणात आले, मागून मुलगा. समोरच्या बनियनला त्यांनी हात जोडले.

“बहुत अच्छे आदमी थे।”

“कोन?” भाऊंनी विचारलं.

पाहुण्यांनी मान वर केली आणि ते मिळेल तिथं बसले. तिथं कोंड्याची पाटी होती.

पाणी पाजून झालं, सगळं सांगून झालं. मी न राहवून विचारलं, “फाट्यावरचा नवा फ्लेक्स नाई पाहिला का जी?”

“देखा ना, गॉगलवाला,” ते म्हणाले. “हमको लगा पुराना है, बेचारे के घर में निकालनेवाला कोई बचा नहीं।”

माझ्या वाघाची ही किंमत.

वैशाली गाऊनवर ओढणी घेऊन, ओल्या केसांनी चहा घेऊन आली. मुलगा तिच्याकडे पाहून म्हणाला, “तू तर सरळच लिहिलं होतं.”

“मग? मी तशीच लिवतो,” ती म्हणाली आणि त्याच्या हातात कप दिला.

मुलाचे वडील भाऊंकडे वळले. “समधीजी, कल से हम आपकीच तारीफ करके थक गये। सीधा आदमी था, ऐसा घर दुबारा नहीं मिलेगा। अब सबके सामने बोला हुआ वापस कैसे लें?”

“अखीन का का म्हनले?” भाऊंनी विचारलं. त्यांनी ती सगळी तारीफ पहिल्यापासून परत म्हणायला लावली. बोलणी तिथंच पक्की झाली.

लग्नाला भाऊंनी फ्लेक्स लावला नाही. वऱ्हाडी फाट्यावर थांबत, घर विचारत आणि पोहोचत. पुढच्या वाढदिवसाला मी आठवण म्हणून फोन केला, तर म्हणाले, “कायले? ज्याले माहीत हाय तो येते चहा पियाले.”

कायमचं गिऱ्हाईक गेलं. आनंदी जीवनाबद्दल मला एवढंच कळलं आहे की, ते आमच्या धंद्याला परवडत नाही.