बास म्हणायची वेळ

दुपारी जेवून मी लादीवर आडवी होते. खिडकी उघडी आहे, पंखा कुरकुरतोय. डोळा लागतो न लागतो तोच पाठीखालची लादी खरखरीत व्हायला लागते. आधी वाटतं, चटई सरकली. मग तळहाताला जांभा दगड लागतो, आणि मी आमच्या गावच्या सड्यावर, कड्याच्या अगदी टोकाला बसलेली असते, पाय खाली खाडीकडे सोडून.

खाली धक्का गजबजलाय. फेरीबोट लागलीय आणि गाड्या उलट्या, मागे मागे तिच्यावर चढतायत. आंब्याचा टेम्पो, वऱ्हाडाची बस, टोपल्या घेतलेल्या मासळीवाल्या. एवढ्या उंचीवरून माणसं मुंगीएवढी. आवाज मात्र थेट कानाशी.

"येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!"

हा माझा जनूदादा. बावीस वर्षं यानं या बोटीवर गाड्या चढवल्या. याला जाऊन आठ महिने झाले. मेलेलं माणूस दिसलं की भीती वाटते म्हणतात. मला राग येतो. आठ महिने कुठे होता हा?

"दादा, वर ये! विचारायचंय."

"तूच ये गो सुगे. मला काम हाय."

कडा उतरावाच लागत नाही. मी धक्क्यावर उभी आहे आणि धक्क्याला फिनेलचा वास मारतोय. खांबाला दोराऐवजी सलाईनची नळी गुंडाळलेली. टेम्पोच्या मागे, रांगेत, चाकांची लोखंडी खाट उभी आहे. खाटेवर कोण आहे ते मी बघत नाही. मला माहीत आहे.

सरळ सांगते. दादाची छाती यंत्रावर हलत होती, बाकी काही उरलं नाही असं डॉक्टर म्हणाले. कागद पुढे आला तेव्हा वहिनी भिंतीकडे तोंड करून बसली. दादाचा मुलगा फोनवर "आत्या, थांबा" म्हणत राहिला, आणि स्वतः काही निघाला नाही. सही मी केली. "बास, काढा नळी," मी म्हटलं. आणि तेराव्याला लाडू चावता चावता हीच मंडळी कुजबुजली, बहिणीनं घाई केली. त्यांच्या तोंडावर मी ताट आपटलं. पण ते वाक्य गेलं नाही. रोज माझ्या उशाला येऊन बसतं.

"दादा, मी लवकर म्हटलं का?"

तो खाटेची दांडी धरून तिला फळीवरून मागे ढकलतोय. खाट अगदी हलकी जातेय.

"बास कधी म्हणायचं, सांग बघू?"

"मला काय माहीत! ते तुझं काम."

"डायवर घाबरला म्हणून नाय म्हणायचं. मागचे हॉर्न मारतात म्हणून नाय म्हणायचं. चाक बोटीच्या टोकाच्या साखळीला लागलं की म्हणायचं."

"मग? लागलं होतं?"

दादा हसतो. पुढचा दात नाही, तसाच.

"दोन दिवस आधीच लागलेलं, बये! मी वर चढून बसलेला. नाकात नळी, नाकाला खाज, आणि खाजवायला कोण नाय. हिकडे तुम्ही सगळी रडतायसा. मी म्हणतोय, अरे कोणतरी बास म्हणा रे!"

"म्हणजे उशीर केला मी?"

"केलासच. पण म्हणालीस तूच. बाकीच्यांची तोंडं शिवलेली." तो दांडी सोडतो. "आता मोठ्यानं म्हण. बोट सुटायचीय."

मला रडू येत नाही, हसू येतं. मी छाती भरून घेते आणि ओरडते, "बास!"

खिडकीखाली करकचून ब्रेक लागतो.

मी धडपडत उठते. खाली गल्लीत सामानाचा टेम्पो रिव्हर्समध्ये येता येता थांबलाय. त्याचा मागचा फाळका शेजाऱ्यांच्या भिंतीपासून जेमतेम वीतभर. मागे उभं राहून गाडी बघणारं कोणीच नाही. ड्रायव्हर मान बाहेर काढून वर बघतोय.

"बास कोण म्हणालं?"

"मी म्हणाले." घसा पार बसलाय, तरी मी पुन्हा सांगते. "मीच म्हणाले."