घागबाईंचा मोगरा

गोखिवऱ्याच्या त्या तीन विंगांच्या सोसायटीत लतिका घाग यांना नावाने हाक मारणारं माणूस एकच, त्यांचा नवरा शांताराम. बाकी सगळ्यांच्या त्या घागबाई. मूळच्या संगमेश्वराकडच्या. लग्न होऊन परळच्या चाळीत आल्या आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वी इकडे फ्लॅट घेतला. नळाला पाणी नाही, हे सामान लावून झाल्यावर कळलं. मग टँकर यायला लागला, टँकरमागे भांडणं आली, आणि दोन बायकांनी भर रस्त्यात एकमेकींच्या झिंज्या धरल्या त्या दिवशी बाईंनी मुलाची पी.टी.ची शिट्टी गळ्यात अडकवली. ती आजतागायत गळ्यात आहे.

रांग म्हणजे रांग. एकदा शांताराम कामावर जायच्या घाईत बादली घेऊन मध्येच घुसले. बाईंनी सगळ्यांदेखत ती बादली उचलली आणि शेवटी नेऊन आपटली. "नवरा घरात! इथे नंबर!" शांताराम त्या दिवशी बिनआंघोळीचे कामावर गेले. पण तेव्हापासून सोसायटीत कुठलाही वाद निघाला की लोक म्हणायचे, घागबाई म्हणाल्या ना, मग झालं तर.

आणि अशा बाईला त्या मेल्याने भर सभेत खोटं बोलायला लावलं! सांगताना अजून अंगाची लाही होते.

सोसायटीच्या वर्धापनदिनाला संग्राम सर नावाचा जादूगार आणला होता. जादूगार म्हटलेलं त्याला खपायचं नाही, 'मनःशक्ती प्रशिक्षक' म्हणायचं. कबुतर नाही, रुमाल नाही. काळा कोट, हातात माईक, आणि शेजारी खुर्चीवर ऋतिका नावाची दहा-अकरा वर्षांची पोर, डोळ्यांवर जाड काळी पट्टी. तो म्हणाला, "ही मुलगी डोळ्यांनी नाही, मनाने बघते. मला एक साक्षीदार द्या. तुमच्यातलं असं माणूस, ज्याचा शब्द तुम्ही सगळे खरा मानता."

दीडशे माणसं एका आवाजात ओरडली, "घागबाई!"

बाई लाजल्या. खोटं कशाला सांगा, हरखल्यासुद्धा. पदर सावरत वर गेल्या. संग्राम सरांनी मनात एक फूल धरायला सांगितलं. बाईंच्या अंबाड्यात गिरीजच्या वाडीतला सोनचाफा होता, त्यांनी तोच मनात धरला. सर जवळ आले, माईक पाठीमागे नेला आणि कानाशी पुटपुटले, "ताई, मोगरा म्हणा. पोरगी नवीन आहे. चुकली तर रडेल."

बाईंनी वळून पाहिलं. पट्टीखाली त्या पोरीचा ओठ थरथरत होता. पोरगी म्हणाली, "मोगरा." सर गरजले, "ताई, मुलाबाळांची शपथ घेऊन सांगा, कोणतं फूल?"

घागबाई म्हणाल्या, "मोगरा."

काय टाळ्या पडल्या! मनातलं ओळखणाऱ्या त्या दिवट्याला समोरच्या बाईच्या डोक्यातलं फूल दिसलं नाही, आणि दीडशे जणांत एकालाही दिसलं नाही. कोणीतरी व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या आठवड्यात सोसायटीच्याच हॉलमध्ये 'डोळे मिटून वाचा' असा क्लास सुरू झाला आणि चौदा पोरं त्यात जाऊन बसली. बाईंच्या मनाला टोचत होतं. पण जादूच ती, कोणाचं काय बिघडतंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

बिघडलं. तळमजल्यावर हंसा राहायची. माहेर गास गावचं, खाडीकाठची शेती. माहेराहून भाजी आली की पहिली जुडी घागबाईंच्या दारात. तिची संजना बारा वर्षांची. पोरीच्या डोळ्यांची बुबुळं पातळ होऊन पुढे येत चालली होती. डॉक्टरांनी डोळ्यांवरच्या उपचारासाठी मंगळवारची तारीख दिली होती. आता हे वाढणं थांबवलं तर आहे तेवढी नजर राहील, गेलेली परत यायची नाही, असं स्वच्छ सांगितलं होतं. तारखेला आठ दिवस राहिले तेव्हा हंसा पालेभाजी घेऊन वर आली आणि हसत म्हणाली, "घागबाय, आमी दवाखान्यात नाय जात आता. सर बोलले, सा महिन्यांत पोरगी डोले मिटून वाचल. मंग डोल्यांना हात कशाला लावू द्यायचा?"

"अगं, कोणी सांगितलं हे वाचता येतं म्हणून?"

"तुमीच तर शपथ घेतली. मी दोनदा बगला विडिओ."

बाईंच्या हातातली जुडी खाली पडली. त्यांनी हंसाला आत ओढलं, दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं. कानात काय म्हणाला, आपण का हो म्हणालो, मनात फूल कोणतं होतं. हंसाने शांतपणे ऐकून घेतलं. मग बाईंचा हात हातात घेतला.

"तुमचा जीव आहे ना पोरीवर, म्हनून असं सांगताव. मला कलते. पन तुमी कवा खोटं बोलताव का? तेवा शपथेवर बोललाव. आता खोटं बोलताव."

आता डोकं फोडायचं की काय! आयुष्यभर खरं बोलल्याचं हे बक्षीस. खोटं बोललं ते खरं ठरलं, आणि खरं सांगावं तर ते पोरीच्या मायेपोटी बोललेलं खोटं ठरलं. घागबाई तशाच चपला घालून हॉलमध्ये गेल्या. संग्राम सर चहा पीत बसले होते.

"त्या पोरीचे डोळे जातील. तिच्या आईला सांगा, हा खेळ आहे म्हणून."

सर हसले. "ताई, मी कोणालाही डॉक्टरकडे जाऊ नका म्हटलेलं नाही. आणि खेळ आहे असं तुम्ही सांगा ना. स्टेजवर साक्षीदार म्हणतो, पण आमच्या धंद्यात तुम्हाला टेकू म्हणतात. टेकू सरकला की छप्पर कोणाच्या डोक्यावर येतं, विचार करा. मी परगावचा, उद्या निघून जाईन. तुम्हाला इथेच राहायचंय."

"आणि ती मुलगी रडली असती म्हणालात, ते?"

"ते सगळ्यांनाच म्हणतो. शंभरात एकानेसुद्धा आजपर्यंत पोरीला रडू दिलेलं नाही."

बाईंची कानशिलं तापली. माझी दया याने वापरली! पाण्याच्या रांगेत कुणाचं रडगाणं मी कधी ऐकून घेतलं नाही, आणि इथे पाघळले! संतापाने त्यांना समोरचं दिसेना. दिसलं ते टेबलावरचं रंगीत पत्रक. त्यावर गावोगावच्या कार्यक्रमांचे फोटो होते, आणि प्रत्येक फोटोत सरांच्या शेजारी कोणीतरी साधंसुधं माणूस उभं, खाली 'आमचे साक्षीदार' म्हणून नाव-गाव. बाईंनी पत्रक उचललं आणि त्या बाहेर पडल्या.

पुढचे चार दिवस ही बाई रिक्षाने आणि पायी वणवण फिरली. गिरीजला क्लेमेंटकाका, पंचवीस वर्षं गावच्या फुटबॉलचे पंच. नालासोपाऱ्याला कृष्णाबाई, सुईण, अर्धी आळी त्यांच्या हातावर जन्मलेली. विरारला मितेश, शाळेतला शिपाई, ज्याच्याकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असायच्या. सगळी माणसं एकाच मातीची, ज्यांच्या शब्दावर लोक डोळे मिटून चालतात. सगळ्यांच्या कानात तोच एक निरोप, आणि सगळ्यांचा मोगराच. घरच्यांनासुद्धा कोणी सांगितलेलं नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं, आपणच एकटे फसलो.

क्लेमेंटकाका म्हणाले, "बाय, मी रेड कार्ड दाखवलेली पोरं अजून मला सलाम करतात. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"याच," घागबाई कडाडल्या. "दुसरं आहे का तुमच्याकडे?"

रविवारी क्लासचा जाहीर कार्यक्रम होता. हॉल भरलेला. हंसा पहिल्या रांगेत, संजना तिच्या मांडीला टेकून. सरांनी माईक हातात घेतला तोच मागून शिट्टी वाजली. टँकरची शिट्टी! सवयीने अर्धी माणसं उठून उभी राहिली, दोघांनी तर बादली शोधायला हात खाली घातले. एरवी हसू आलं असतं. घागबाई तरातरा स्टेजवर चढल्या, त्यांच्यामागे ती तिघं.

"ऐका! मी शपथेवर खोटं बोलले. माझ्या मनात सोनचाफा होता. याने कानात मोगरा सांगितला आणि मी भरल्या सभेत तुम्हाला फसवलं."

"गुलाब," क्लेमेंटकाका मान खाली घालून म्हणाले. "बोललो मोगरा."

"अबोली," कृष्णाबाई म्हणाल्या. मितेशने झेंडू सांगितला आणि तोंड फिरवलं.

हॉलमध्ये गदारोळ उठला. संग्राम सर ऋतिकाचा हात धरून मागच्या दाराकडे सरकले. लोक मात्र सरांच्या मागे धावले नाहीत, बाईंवर तुटून पडले. तुमच्या शब्दावर आम्ही पोरं घातली! पाण्याच्या रांगेतसुद्धा अशीच लबाडी केली असाल! ज्यांना बाईंनी कधीकाळी रांगेच्या शेवटी पाठवलं होतं, त्या सगळ्यांची जीभ आज सुटली. हरामखोर कुठले, अठ्ठावीस वर्षांचं पाणी विसरले! बाई स्टेजवरून हलल्या नाहीत.

हंसा उठली. बाईंच्या समोर आली.

"एवड्या लोकांत स्वताची अब्रू कोन घालवल फुकट," ती हळूच म्हणाली. "मंगलवारी येताव आमच्यासंगती?"

मंगळवारी टँकर आला तेव्हा रांगेत मारामारी झाली म्हणतात. शिट्टी वाजवायला कोणी नव्हतं. घागबाई दवाखान्यात बाकावर बसल्या होत्या, मांडीवर संजनाचं दप्तर. नर्स न्यायला आली तशी पोरीने त्यांचं बोट घट्ट धरलं.

"आजी, दुखेल?"

हंसा डोळ्यांनी खुणावत होती, नाही म्हणा. नर्सही मान हलवून तेच सांगत होती. पोरीचा ओठ थरथरायला लागला होता.

"दुखेल," घागबाई म्हणाल्या. "आत नाही कळणार. पण नंतर दोन दिवस झोंबेल, पाणी येईल, उजेड सोसायचा नाही. मी येऊन बसेन तुझ्याजवळ."

संजना रडायला लागली. घागबाईंनी तिला रडू दिलं.