दोन थापा

ती घटना आजही आठवते, आणि आठवायला मला काही करावं लागत नाही. घराखालच्या गल्लीत कुणी टेम्पोच्या फाळक्यावर हात मारला की ती आपण होऊन येते. मी हातातला कप खाली ठेवतो. बायको म्हणते, रिटायर झालात ना, आता पुरे करा. पुरे करायला माझी ना नाही, पण ते माझ्या हातात नाही.

निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. फौजदारी कायदे नुकतेच बदलले होते. कागदावर नवी कलमं लिहायचो आणि तोंडाने अजून 'तीनशे दोन'च म्हणायचो. अंधेरी पूर्वेला एका पोलीस ठाण्यात मी तपासाला होतो. एमआयडीसीच्या अंगाला एक आतला रस्ता आहे. रविवारी सकाळी तो बंद ठेवून त्यावर डांबर चढवायचं काम सुरू होतं. हे काम आपण सगळेच लांबून बघतो आणि खोळंबा झाला म्हणून शिव्या देतो. गरम माल भरलेला डंपर उलटा चालत येऊन पेव्हर नावाच्या यंत्राला भिडतो, त्यात माल ओततो आणि यंत्र तो रस्त्यावर पसरत जातं. ड्रायव्हरला मागचं धड दिसत नाही. यंत्राच्या घरघरीत हाक ऐकू येत नाही. म्हणून टोळीतला एक जण डंपरच्या बाजूला उभा राहून पत्र्यावर हाताने थापा मारतो आणि ड्रायव्हर त्या थापांवर गाडी चालवतो.

त्या सकाळी थापा मारायला टोळीतला एक चाळिशीचा मजूर होता. त्याचा धाकटा भाऊ मागे फावड्याने सांडलेली खडी सरकवत होता. डंपर मागे आला आणि धाकटा डंपर आणि पेव्हर यांच्यामध्ये सापडला. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

असे ड्रायव्हर सहसा पळून जातात. त्यात फार मोठा गुन्हेगारी विचार नसतो, पब्लिकचा मार चुकवायचा असतो. हा पळाला नव्हता. टोळीने त्याला बडवून काढलं होतं आणि तो गाडीच्या पायरीवर बसून राहिला होता. आम्ही पंचनामा केला, गाडी ताब्यात घेतली, आरटीओच्या तपासणीला कळवलं आणि हयगयीने मृत्यू म्हणून नोंद केली. अशा केसेस इतक्या बघितल्या होत्या की स्टेशन डायरीतली वाक्यं मला झोपेत सांगता आली असती.

दुपारी आमचा बीटवरचा शिपाई खबर घेऊन आला. नाक्यावरच्या चहावाल्याने त्याला सांगितलं होतं की हा अपघात नाही. आदल्या दिवशी पेव्हर बंद पडला होता, म्हणून ड्रायव्हरने आरशात बघत मोकळ्या रस्त्यावरच माल खाली केला. तो धाकट्याच्या पायाशी पडला. धाकट्याने त्याची कॉलर धरली, आईवरून शिवी दिली. लोकांनी सोडवलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला होता, "उद्या बघतो तुला."

थोरल्याला बोलावून फिर्यादीचा जबाब घेतला. रडत नव्हता, एकसारखा बोलत होता. या डंपरची त्या सकाळची पहिलीच खेप होती, अजून एकही थाप न पडता तो हळू मागे येत होता. भाऊ खडी काढायला वाकलेला त्याने बघितला आणि थांब म्हणून पत्र्यावर थापा मारल्या. ड्रायव्हरने थांबायचं सोडून गाडी आणखी जोरात मागे घेतली. पेव्हरवाल्यानेही तेच सांगितलं. इंजिनाचा आवाज चढलेला त्याने स्वतः ऐकला होता. भांडण, धमकी, आणि खूण मिळाल्यावर वाढवलेला वेग. खुनाचं कलम लावायला आणखी काय लागतं? आम्ही ते लावलं. कोर्टाने पोलीस कोठडी दिली.

ड्रायव्हर साताऱ्याकडचा होता, मुलुंडला खोलीवर राहायचा. नेहमीचा ड्रायव्हर गावी गेला म्हणून बदलीवर आलेला. त्याला मी समोर बसवलं. इतक्या वर्षांत माझा एक ठोकताळा झालेला आहे. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडी भर घालतो. आधी गाडी असते, मग ब्रेक येतो, मग ब्रेकमधलं ऑइल येतं. याचं भलतंच. कसंही विचारलं तरी उत्तर एकच.

"बोलावलं म्हणून आलो, साहेब."

मला वाटलं, बदलीवर कुणी बोलावलं ते सांगतोय. मी म्हटलं, कामावर कोण बोलावतं ते नको सांगू, गाडी का दामटलीस ते सांग. तो माझ्याकडे बघत राहायचा आणि परत तेच म्हणायचा. भांडण कबूल होतं, धमकी कबूल होती. रागात बोललो म्हणाला. जबाब लिहून घेणारा आमचा रायटर हवालदार जवळच्याच गावठाणातला, दर रविवारी चर्चला जाणारा, माणसांचा चांगला पारखी. तो मला बाहेर घेऊन म्हणाला, "साहेब, हा एकतर खुळा आहे, नायतर आपल्या दोघांना विकून खाईल."

दुसऱ्या दिवशी मी कंटाळलो होतो. रागावलो नव्हतो, नुसता कंटाळलो होतो, आणि कंटाळलेला माणूस कधीकधी साधा प्रश्न विचारतो.

"कोणी बोलावलं?"

"त्यानंच. मेलेल्याच्या भावानं."

"फोन करून?"

"फोन कशाला? हातानं, साहेब." आणि त्याने बसल्या बाकावर लागोपाठ दोन थापा मारल्या. "दोन मारल्या त्यानं. म्हणजे ये, बिनधास्त ये. मी आलो."

रायटरचं पेन थांबलं. मी विचारलं, थांबायला किती? तो म्हणाला, एक. मग मलाच समजावून सांगितलं, बसच्या घंटीसारखं, सिंगल बेल थांब, डबल बेल चल. ते ज्याला माहीत नाही असा माणूस मुंबईत असेल, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

त्याच्या बोलण्यावर जायचं कारण नव्हतं. कोर्ट म्हणतं, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. मी साध्या कपड्यांत एक शिपाई पवईच्या बाजूला पाठवला. तिथे पाडकामाचं डेब्रिज वाहणारे डंपर उभे असतात आणि हा ड्रायव्हर आजवर तेच काम करत आला होता. शिपायाने विचारलं त्या सगळ्यांनी तेच सांगितलं, एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मग पेव्हरवाल्याला बोलावून टेबलावर खूण करून दाखवायला लावली. त्याने सावकाश एकेक थाप मारली आणि म्हणाला, हे येऊ दे. मग लागोपाठ दोन मारल्या आणि म्हणाला, हे थांब. डांबराच्या टोळ्यांत पहिल्यापासून असंच आहे म्हणे. बदलीच्या ड्रायव्हरला हे सांगायचं कुणी? सुपरवायझरने सांगायचं. त्याला विचारलं, तर सुपरवायझर म्हणाला, एवढं तर कुणालाही कळतं.

म्हणजे कुणीच खोटं बोललं नव्हतं. फिर्यादी खरा, आरोपी खरा, साक्षीदार खरा, आणि एक माणूस मेलेला.

ड्रायव्हरवरचं खुनाचं कलम काढायचं तर फिर्यादीचा पुरवणी जबाब हवा होता. त्याचा अर्थ थोरल्याला हे सांगावं लागणार होतं. रायटर म्हणाला, साहेब, त्याला नाही सांगितलं तर? मीही ते मनात घोळवून बघितलं. पण न सांगावं तर एक निरपराध माणूस जन्मठेपेच्या वाटेवर होता, आणि सांगावं तर हा थोरला उरलेलं आयुष्य कसं काढणार होता? नोकरीत मी वाईट बातम्या पुष्कळ दिल्या, पण ही देताना मला अक्षरशः नको झालं होतं.

तो आला. डोकं भादरलेलं, अंगात भावाचाच असावा असा सैल शर्ट. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि जमेल तितकं सावकाश सांगितलं. मग त्याने विचारलं, "त्याला ऐकू आल्या होत्या माझ्या थापा?"

"आल्या होत्या."

"म्हणजे ऐकूनच आला."

"तो येतच होता रे," मी म्हणालो. हे खरं होतं. हळू येत होता आणि कदाचित आपणच थांबला असता, हेही खरं होतं. ते मी बोललो नाही.

त्याने पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाला, "लिहा साहेब. त्यानं मुद्दाम नाही केलं, असं लिहा. त्याच्या घरी पण माणसं असतील." तो सही करायला वाकला. रायटरने कागद धरून ठेवला. तो गेल्यावर रायटरने नुसती छातीवर क्रुसाची खूण केली. ड्रायव्हरवर आणि सुपरवायझरवर हयगयीचं दोषारोपपत्र गेलं. सुपरवायझरचा जामीन आधी झाला, तेवढं तर होणारच होतं.

ही केस काय शिकवून गेली, असं लोक विचारतात. चौकशी म्हणजे समोरच्याला बोलतं करणं असं आम्हाला शिकवलं होतं. हा माणूस पहिल्या मिनिटापासून बोलत होता. त्याचा शब्द त्याच्या अर्थाने ऐकायला कुणी नव्हतं. एकच खूण दोघांची असली म्हणजे अर्थही एकच असतो, असं आपण धरून चालतो. घरात चालतो, ऑफिसात चालतो. बहुतेक वेळा निभावतं, म्हणून ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

निवृत्तीनंतर घाटकोपरला पुतणीकडे निघालो होतो. रस्त्याचं काम चालू म्हणून रिक्षा अडकली. डांबराचा वास आला आणि मी बाहेर बघितलं. तीच टोळी होती. थोरला उन्हात डोक्याला फडकं बांधून उभा होता, केस पुन्हा वाढलेले. त्याने मला बघितलं की नाही, ठाऊक नाही. डंपर मागे यायला लागला तसा त्याने हात वर करून तो थांबवला. मागे न जाता पुढे आला, ड्रायव्हरच्या बाजूच्या पायरीवर चढला आणि खिडकीत तोंड घालून यंत्राच्या आवाजावर ओरडला, "दोन थापा म्हणजे काय रे तुझ्यात?"

"चल म्हणजे," ड्रायव्हर म्हणाला.

"आमच्यात थांब," थोरला म्हणाला. ड्रायव्हरने मान डोलावली. तरीही थोरला पायरीवरून उतरला नाही. त्याने ते ड्रायव्हरकडून एकदा परत म्हणवून घेतलं, आणि मगच तो मागे गेला.