लांगऱ्याची लेक

माझ्या सासूबाई लग्नानंतर कितीतरी वर्षं माझ्याशी बोलल्याच नाहीत. भांडण नव्हतं, राग तर मुळीच नव्हता. जावयाशी तोंडावर बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची जुनी रीत; आणि रीत पाळायची तर पुरती पाळायची, हा त्यांचा स्वभाव. पण गप्प बसणं हा मात्र त्यांचा स्वभाव नव्हता. मग मधला मार्ग असा निघाला, की मी समोर बसलेलो असताना त्या दुसऱ्याच कुणाला तरी उद्देशून बोलत. "सुनंदा, जवाईबापूले म्हना, च्या थंडा होऊन राह्यला." सुनंदा म्हणजे माझी बायको. ती घरात नसली तर पाण्याच्या माठाकडे बघून म्हणत, "मान्सानं हापिसातून आल्यावर आधी हातपाय धुवावं." मी उठून हातपाय धुवायचो. जन्मभर बुलढाण्यात सरकारी कारकुनी केलेली असल्याने, हुकूम कुणामार्फत आला याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

त्या राहत हिवरा आश्रमाजवळच्या एका खेड्यात, आणि माहेर त्यांचं बीबीचं. अंगाने काटक, आवाज खणखणीत, आणि तोंडात एक वाक्य कायमचं: "पाहू ना, कोन थकते तं." फाट्यावर एसटी थांबत नाही म्हणून त्या रोज जाऊन भर रस्त्यात हात आडवा करून उभ्या राहायच्या. शेवटी ड्रायव्हरच लांबून हॉर्न वाजवून विचारू लागला, "आज येता का मावशी?" त्या म्हणायच्या, "आज काम नाई. जा तू." एखादी गोष्ट मनात घेतली की ती झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि आम्हालाही पडू देत नसत.

त्यांचे वडील, म्हणजे सुनंदाचे आजोबा, फौजेत होते. फौजेतल्या स्वयंपाकघराला लंगर म्हणतात आणि स्वयंपाक्याला लांगरी. आजोबा लांगरी होते. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. लांगरी म्हटलं की सगळ्यांना कळायचं. आणि सासूबाई म्हणजे लांगऱ्याची लेक. आजोबांना या नावाचं काही वाटत नसे. एकाहत्तरच्या लढाईत ते पश्चिम सीमेवर होते, पण लढाईचं विचारलं की ते वाळूबद्दल बोलायचे. "लई वाळू बाप्पा! कनीक मळा, वाळू. दाळ वाढा, वाळू. पोरं म्हनत, लांगरी, आज दाळीत दाळ कमी पडली." एवढं सांगून स्वतःच हसायचे. घरात चार माणसं असली तरी त्यांच्या हातून पातेलंभर भाजीच व्हायची. कमी करायला हात शिकलाच नाही, असं आजी म्हणायची.

बीबीत दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की गावातल्या फौजींना शाल-नारळ देण्याची पद्धत आहे. यादी वाचतात, एकेक जण पुढे येतो, टाळ्या पडतात. आजोबांचं नाव त्या यादीत कधी आलं नाही. एका वर्षी सासूबाई माहेरी गेलेल्या असताना त्यांनी स्वतः जाऊन विचारलं. कार्यक्रम करणाऱ्यांपैकी एकाने समजुतीच्या सुरात सांगितलं, "अवो बाई, हे लढनाऱ्यायचं हाये. तुमचे वडील तं लंगरात व्हते." वाईट हेतूने बोलला नाही तो. पण त्याच कार्यक्रमाचा मसालेभात शाळेच्या मागे तीन दगडांवर आजोबा रांधत होते. त्यांना बोलावलं होतं ते त्यासाठी. सासूबाई मागे गेल्या तर आजोबा घामाने निथळलेले, आणि म्हणाले, "आलीस? मीठ पाह्य बरं." त्यांनी मीठ पाहिलं. ठीक होतं. ही हकिगत त्यांनी सुनंदाला अनेकदा सांगितली, आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज तेवढाच कडक असायचा.

आजोबा गेले तेव्हा चिखलीकडचे एक निवृत्त हवालदार भेटायला आले होते. जयभीम झाला, पाणी झालं, आणि फोटोकडे बघत त्यांनी विचारलं, "बाई, दौलतभाऊची मेडलं कुठं ठेवली?"

सासूबाई म्हणाल्या, "कोनती मेडलं?"

"अवो, लढाईत बॉर्डरवर जे जे व्हते त्या साऱ्यायले मेडल लागू हाये. लांगरी असो का कर्नल असो. मेडलं बनून येयाच्या आधीच आमी किती तरी जन घरी आलो. ज्यानं अर्ज केला त्याले भेटलं. मले भेटलं. दौलतभाऊनं अर्जच नसंल केला."

सासूबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि विचारलं, "अर्ज कुठी करा लागते?" बाप जाऊन तिसराच दिवस होता. पण रडणं एका जागी आणि काम एका जागी, असं त्यांचं होतं.

आजी त्याआधीच गेली होती. वारस दोघंच: सासूबाई आणि त्यांचा धाकटा भाऊ गौतम. सुनंदाचे हे मामा मेहकरला मास्तर. अक्षर मोत्यासारखं, बोलणं शुद्ध, इस्त्रीची घडी कधी मोडलेली नाही. अर्ज साहजिकच त्यांनी भरला, दोघांच्या सह्या झाल्या, आणि बुलढाण्याच्या सैनिक कल्याण कचेरीमार्फत तो आजोबांच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे गेला. मग सासूबाईंच्या आमच्याकडे खेपा सुरू झाल्या. सकाळच्या गाडीने यायच्या, कचेरीत जाऊन बसायच्या. तिथल्या बाबूला म्हणायच्या, "तुमी तुमचं काम करा जी. मी बसली हावो." त्या अशा बसून राहिल्या की बाबूला दुसरं काम सुचायचं नाही. फाईल पुढे सरकली असेल तर ती त्याच्या कार्यक्षमतेने नव्हे, हे मी त्याच धंद्यातला माणूस म्हणून खात्रीने सांगतो.

कित्येक महिन्यांनी उत्तर आलं. मी ते ओसरीवर वाचून दाखवलं. या क्रमांकाचा, या नावाचा माणूस आमच्या नोंदीत आहे, पण तो लढाऊ शिपाई नाही. खात्री करून अर्ज पुन्हा पाठवावा, असं त्यात होतं. सुनंदा आत होती. सासूबाईंनी माझ्याकडे, सरळ माझ्याकडे बघितलं.

"जवाईबापू, त्या अर्जात माह्या बापाले काय लिव्हलं व्हतं?"

त्या माझ्याशी बोलल्या याचाच मला एवढा धक्का बसला, की उत्तर द्यायचं राहून गेलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी अर्जाची प्रत काढली. कामाच्या रकान्यात मामांनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'लढाऊ जवान'. त्या म्हणाल्या, "उद्या मेहकरले जाचं हाये. तुमी रजा टाका." त्या दिवसापासून माठाची मध्यस्थी कायमची सुटली.

मामांकडे आम्ही पोचलो तेव्हा मामी पोहे परतत होत्या. सासूबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. अर्जाची प्रत टीपॉयवर ठेवून उभ्या राहिल्या.

"हे काय लिव्हलं गौतम?"

मामा चष्मा पुसू लागले. "अक्का, जरा समजून घे. इथे माझी ओळख वेगळी आहे. पोरीच्या सासरीसुद्धा आपण सांगितलंय, की आजोबा तोफखान्यात होते."

"तोफखान्यात?" सासूबाई म्हणाल्या. "तोफेत भजे तळत व्हता का बाप?"

मामी स्वयंपाकघरात हसल्या आणि लगेच खोकल्या. मामा मात्र हसले नाहीत. "तुला नाही कळायचं. पोरं शाळेत मला लांगऱ्याचा पोरगा म्हणायची. वर्गात कढईवर पळी वाजवल्यासारखा आवाज काढायची. मी ते सगळं मागे टाकून इथवर आलो. आता ते कागदावर पुन्हा लिहून द्यायचं?"

मला मामांची बाजू अगदीच खोटी वाटली नाही. पण सासूबाई जवळ गेल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बापाच्या नळीवरचा डाग आठोते तुले?"

आजोबांच्या डाव्या पायाच्या नळीवर भाजल्याचा लांबलचक डाग होता. लढाईत पुढच्या आघाडीवर जेवण पोचवायचं होतं. आजोबा आणि आणखी एक जण गरम डाळीची देग बांबूला अडकवून नेत होते. जवळच गोळा पडला, जोडीदार कोसळला, देग कलंडली आणि आजोबांचा पाय भाजला. त्यांनी जोडीदाराला आडोशाला ओढलं, उरलेली डाळ एकट्याने उचलून पोरांपर्यंत पोचवली, आणि मग जोडीदाराला पाठीवर घेऊन आणलं. तो वाचला. आजोबा ही गोष्ट सांगायचे ती निव्वळ हळहळून: अर्धी डाळ सांडली.

"त्या पायाले तेल तूच लावत व्हता लहानपनी," सासूबाई म्हणाल्या. "सरकारले ठाव हाये तो सैपाकी व्हता. साऱ्या गावाले ठाव हाये. मंग लपवून राह्यला कोनापासून तू? तोफखानेवाला बाप पायजे असंल तं त्याच्यासाठी अर्ज कर. मेडल माह्या बापाचं हाये. ते मी घेऊन राहीन."

मामांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी कपाटातून अर्जाचा कोरा नमुना काढला आणि नवा अर्ज भरायला घेतला. कामाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. सासूबाई तशाच उभ्या राहिल्या. मामांनी 'कुक' लिहिलं. मग आम्ही गार झालेले पोहे खाल्ले.

पुन्हा वाट पाहणं आलं. अर्ज एकदा हरवला, एकदा सापडला. बाबूची बदली झाली आणि नव्या बाबूला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मीच कंटाळलो. एकदा म्हणालो, "आई, छावण्यांजवळच्या दुकानांत हुबेहूब मेडलं मिळतात. पुष्कळ फौजी तिथूनच घेतात. आणू का?"

त्या म्हणाल्या, "आना ना. तुमच्यासाठी बी दोन आना. कारकुनीतले शूरवीर म्हनून लावा."

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मेडलं आली तेव्हा कचेरीतून मला फोन आला. सासूबाई हिवऱ्याहून निघाल्या त्या चप्पल बदलायलाही थांबल्या नाहीत. छोट्या खोक्यात दोन मेडलं होती, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. त्यांनी ती तळहातावर घेतली, वजन केल्यासारखी हलवली आणि मला म्हणाल्या, "कडेले कायतरी कोरलं हाये. वाचा." मी वाचलं. नंबर, मग कुक, मग आजोबांचं नाव. "कुक लिव्हलं ना? परतून वाचा." मी परत वाचलं. तेव्हा त्या कचेरीच्या बाकावर बसून रडल्या. बाप गेला तेव्हाही अशा रडल्या नव्हत्या. नवा बाबू घाबरून पाणी घेऊन आला.

त्या सव्वीस जानेवारीला आम्ही सगळे बीबीला गेलो. मेडलं आल्याचं कळल्यावर गावाने आजोबांचं नाव यादीत घेतलं होतं, आणि गावातलाच शिकलेला माणूस म्हणून माईक मामांकडे दिला होता. सासूबाईंनी मेडलं पातळावर उजव्या बाजूला लावली. दुसऱ्याने कमावलेली मेडलं घरच्यांनी उजवीकडे लावायची असतात, हे त्यांना चिखलीच्या हवालदारांनी सांगितलं होतं, आणि त्यांनी ते तीनदा विचारून पक्कं केलं होतं.

मामांनी वाचलं, "आपल्या गावचे सुपुत्र, भारतीय सैन्यातील शूर जवान, कालकथित दौलतराव." टाळ्या झाल्या. सासूबाई मंचावर गेल्या. सरपंचांनी शाल उलगडली, तर त्यांनी हाताने थांबवली आणि भावाकडे वळल्या.

"गौतम, पुरं वाच."

माईक चालू होता, त्यामुळे ते सगळ्या मैदानाने ऐकलं. सरपंच शाल धरून तसेच उभे. मामांच्या कपाळावर घाम आला. समोर त्यांचे व्याही बसले होते, त्यांच्या शाळेतले दोघे मास्तर होते. मामांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा बहिणीकडे. मग कागद खाली ठेवला.

"माहे वडील फौजेत लांगरी व्हते," मामा म्हणाले. मेहकरची शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती. "सैपाकी व्हते. लढाई चालू असताना त्यायनं पोरायले जेवू घातलं. त्याची ही मेडलं हायेत."

कुठूनसा एक म्हातारा फौजी उठला आणि त्याने सलाम केला. त्यानंतर जे टाळ्यांचं सुरू झालं ते थांबेना. सासूबाईंनी शाल घेतली, खाली येऊन सुनंदाशेजारी बसल्या आणि पुढच्या माणसाचं नाव ऐकू लागल्या. व्याही नंतर मामांना भेटले आणि त्यांचा हात बराच वेळ हातात धरून उभे राहिले.

त्याच वर्षी उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. फार आजारी नव्हत्या. दोन दिवस ताप आला आणि संपलं. मला त्यांची आठवण माझ्या कचेरीत हटकून येते. कुणी म्हातारी खिडकीपाशी येऊन "मी बसली हावो" म्हणाली, की मी हातातलं काम टाकून तिचा कागद आधी काढतो. साहेब विचारतात, ओळखीची आहे का? मी हो म्हणतो.

गेल्या सव्वीस जानेवारीला पुन्हा बीबीला गेलो. यादी मामाच वाचत होते. आजोबांचं नाव आलं तेव्हा त्यांनी मंचाच्या पायऱ्यांकडे बघितलं. वर येणारं कुणी नव्हतं. मामा थांबले, चष्मा सारखा केला आणि पुरं वाचलं.