भगवानच्या पोटरीचा काळा दोरा

नातसून पणतीच्या पायांना तिळाचं तेल चोळत होती. चोळून झाल्यावर तिनं त्या गुबगुबीत पायात काळा दोरा बांधला, आणि मी थेट आमच्या देवळी गावच्या आखाड्यात जाऊन पोचलो.

एकोणीसशे पंचावन्नच्या आसपासची गोष्ट. आखाड्यातल्या तांबड्या मातीला तेल-ताकाचा आंबूस वास यायचा. गळ्यात दगडी चाक अडकवून मी बैठका मारायचो. मांड्या थरथरायच्या, पण पाय तुराटीसारखे काटकुळे ते काटकुळेच. शेजारी माझा वर्गमित्र भगवान तेवढ्याच बैठका मारायचा, आणि त्याच्या पोटऱ्या मात्र भरत चालल्या होत्या. त्याच्या घरी दूध जास्त म्हणावं, तर म्हशी आमच्याकडे होत्या.

एका सकाळी उस्तादांनी भगवानच्या पोटरीला काळा दोरा बांधला, नजर लागू नये म्हणून. मला त्या पोटरीपेक्षा दोऱ्याचाच जास्त हेवा वाटला. माझे पाय जपावेत असं कधी कुणाला वाटलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आईच्या डब्यातला काळा दोरा स्वतःच बांधून गेलो.

उस्तादांनी तो पाहिला. जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुले कायले पाहिजे रे हा? त्याले तर तुह्या नजरेपाईच बांधला."

तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता वाटतं, माझ्यात काही ताकद आहे असं मानणारा तो एकच माणूस.

परवा एका लग्नात भगवान भेटला, काठी टेकत आलेला. मी आधी धोतराखाली त्याच्या पोटऱ्या पाहिल्या. अजूनही माझ्यापेक्षा भरलेल्याच आहेत.